काचेवर पाणी येत नाही? वॉशर जेटचं छोटं काम, आणि त्याचा धंदा कसा करायचा



वायपरचा दांडा ओढला की काचेवर पाण्याची धार मारणारं ते इवलंसं जेट, आजचा विषय तेच आहे. "यात कसला आलाय धंदा?" असं मनात आलं असेल, तर ते साहजिक आहे. बहुतेक गॅरेजवाल्यांनाही असंच वाटतं. गिऱ्हाईक म्हणतं "पाणी येत नाही", मेकॅनिक म्हणतो "मोटर गेली, बदलावी लागेल", आणि दोघंही विषय सोडून देतात. गाडी तशीच रस्त्यावर जाते.

आणि रस्ता कुठला? पेणच्या आसपासचा. मुंबई-गोवा महामार्ग, त्याची वर्षानुवर्षं चाललेली कामं, डोलवीकडचे ट्रेलर, वडखळला अलिबागकडे वळणाऱ्या शनिवार-रविवारच्या गाड्या. पहिला पाऊस भुरभुरतो तेव्हा रस्त्यावर धूळ, तेल आणि पाणी यांचा लगदा होतो. पुढच्या ट्रकने तो काचेवर उडवला, जेटमधून पाणी आलं नाही आणि वायपर कोरडाच फिरला, तर चिखल पुसला जात नाही, सारवला जातो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर कापते. तीन सेकंद काही दिसलं नाही म्हणजे ५० मीटर गाडी आंधळी चालली. रात्री समोरून हेडलाईट असेल तर विचारूच नका. थार, जिप्सी, गुरखा यांसारख्या गाड्यांची काच उभी असते, चिखल तिच्यावर सरळ येऊन बसतो.

आधी यंत्रणा समजून घ्या

बोनेटखाली प्लॅस्टिकची टाकी असते. तिच्या तळाशी रबरी बुशमध्ये दाबून बसवलेली १२ व्होल्टची छोटी मोटर, तिच्यापासून निघणारी नळी, वाटेत बहुतेक ठिकाणी एक नॉन-रिटर्न व्हॉल्व, पुढे नळीचे दोन फाटे आणि शेवटी दोन जेट. एवढंच. जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर मोटरही नव्हती, स्टेपनीच्या टायरमधली हवा पाणी ढकलायची! सांगायचं कारण, ही यंत्रणा म्हणजे पाणी आणि दाब. वायरिंगला घाबरून हात आखडू नका.

आता निदान. तुम्ही पैसे निदानाचे घेणार आहात, हे लक्षात ठेवा.

टाकीत पाणी आहे का ते बघा. हसू नका, हे खरंच बघायचं असतं. मग बोनेट उघडून एकाला दांडा ओढायला सांगा आणि कान द्या. मोटरचा आवाजच नाही? तर फ्यूज, मग मोटरचा कनेक्टर, मग अर्थिंग. आपल्या खारेपाटात खाऱ्या वाऱ्याने कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ करून बघितल्याशिवाय मोटर बदलायची नाही. आवाज येतोय पण पाणी नाही? मग जेटच्या मागची नळी हलकेच काढा आणि पुन्हा दांडा ओढा. नळीतून जोरात पाणी उडालं तर मोटर ठणठणीत आहे, जेट तुंबलंय. पाणी रडतरडत आलं तर दोष मागे आहे: मोटरच्या तोंडाची जाळी गाळाने भरलेली, नळी मुडपलेली किंवा उंदराने कुरतडलेली. पावसाळ्यात उंदीर ऊब शोधत बोनेटखाली येतात, आणि रबरी नळी त्यांना आवडते.

एका बाजूचं जेट चालतंय आणि दुसरं नाही, असं असेल तर मोटरला हात लावायचंही कारण नाही. दांडा धरल्यावर दोन-तीन सेकंद काहीच नाही आणि मग पाणी येतं? नॉन-रिटर्न व्हॉल्व गेलाय, नळीतलं पाणी प्रत्येक वेळी टाकीत परत उतरतंय. नवा व्हॉल्व बसवताना त्यावरचा बाण जेटच्या दिशेला ठेवा. उलटा बसला तर पाणी येणारच नाही.

मागेही वायपर असलेल्या काही गाड्यांत मोटर एकच असते, पण ती दोन्ही दिशांना फिरते. सुलट फिरली की पुढे पाणी, उलट फिरली की मागे. अशा मोटरच्या वायरी अदलाबदल झाल्या की पुढचा दांडा ओढल्यावर मागची काच धुतली जाते. कुणी आधी "रिपेअर" केलेली गाडी आली तर हे आधी तपासा.

जेट साफ करताना

जेट दोन प्रकारची. एकात छोटी गोळी असते, तिच्या भोकातून सरळ धार निघते. ही गोळी बारीक टाचणीने फिरवून धारेची दिशा बदलता येते, भोकात अडकलेला कचराही अलगद काढता येतो. दुसरं पंख्यासारखं पसरणारं जेट. त्याच्या पोटात एक खाच असते, तिच्यात पाणी आपोआप डावीउजवीकडे हेलकावे खातं आणि म्हणून पसरतं. फिरणारा भाग एकही नाही. या जेटमध्ये सुई घालायची नाही. खाचेला ओरखडा पडला की फवारा कायमचा वाकडा. असं जेट काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवा, कोमट पाण्याने धुवा, आणि तोंडाकडून उलटी हवा मारा. हवा मारताना जेट नळीपासून सुटं असलं पाहिजे, नाहीतर आतले सांधे निसटतात किंवा व्हॉल्व फुटतो.

धार वायपरच्या फेऱ्याच्या मध्यापेक्षा थोडी वर लावा. उभ्या गाडीत ती जास्त वर वाटेल, पण गाडी पळायला लागली की वारा तिला खाली दाबतो.

जेट तुंबतं कशामुळे? मुख्य गुन्हेगार पाणी. बोअरच्या पाण्यातले क्षार भोकाच्या तोंडाशी सुकतात आणि पांढरी पुटं चढतात. घरच्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लोक मोठ्या हौसेने टाकीत ओततात. ते तर साध्या पाण्यापेक्षाही जास्त क्षारांचं असतं. एसीच्या नळीतून टपकणारं पाणी फडक्याने गाळून भरलं तर उत्तम, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नाहीतर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. भांड्यांचा साबण आणि शाम्पूची पुडी दोन्ही बंद. फेस होतो, काचेवर थर राहतो आणि टाकीत बुळबुळीत गाळ साचतो.

अपग्रेड: कधी करायचं, कधी नाही म्हणायचं

थारवाला तरुण येईल आणि म्हणेल, "दादा, पंख्यावाली जेट लावून द्या." लगेच हो म्हणू नका. तो गाडी कुठे चालवतो ते विचारा. महामार्गाची धूळ आणि भुरभुर असेल तर पसरणारं जेट छान काम करतं. पण शेतातल्या चिकट मातीत गाडी घालणारा असेल तर सरळ धारच मातीला खणून काढते, पसरलेल्या फवाऱ्यात तेवढा जोर नसतो. "चार जेट लावा" म्हणणाराही भेटेल. मोटर तीच ठेवून जेट वाढवली की दाब वाटला जातो, आणि चारही जेट लाळ गाळतात. मोठी मोटर लावायची तर ती जास्त करंट ओढणार. त्यासाठी जाड वायर आणि वेगळा रिले हवा. नुसता मोठा फ्यूज टाकून भागवलं तर वायर तापून वितळेल.

बोनेटला नवं भोक कधीही पाडू नका. आपल्या हवेत पहिल्याच पावसाळ्यात तिथून गंज सुरू होतो. जुन्याच भोकात बसणारं जेट शोधा. काम करण्याआधी आणि नंतर जेटची नळी बाटलीत धरून पाच सेकंदांत किती पाणी येतं ते मोजा आणि गिऱ्हाइकाला दाखवा. आकडा बघितला की घासाघीस कमी होते. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापायची नाही. थार रॉक्ससारख्या गाड्यांच्या काही मॉडेलांत काचेमागे कॅमेरा असतो आणि ब्रेक-स्टिअरिंगची मदत त्याच्यावर चालते. त्या मालकाला स्वच्छ काचेचं महत्त्व वेगळं समजवावं लागत नाही.

गिऱ्हाईक आणि हिशोब

रायगडचं आरटीओ, म्हणजे आपलं एमएच ०६, पेणला आहे. मालवाहू आणि प्रवासी व्यावसायिक गाड्यांना आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस लागतं, आणि त्यात वायपरही बघितला जातो. पासिंगच्या आधी टेम्पोवाल्यांना गाठा. पण "पास करून देतो" असं एकदाही बोलायचं नाही, आपण एजंट नाही. दुसरं, हमरापूर-जोह्याच्या गणपतीच्या कारखान्यांतून मूर्ती ऐन पावसात बाहेर पडतात. त्या पिकअपच्या काचा जून सुरू होण्याआधी तपासलेल्या हव्यात. तिसरं, रोह्याच्या बाजूला धाटाव एमआयडीसीच्या कामगारांच्या बस, आणि कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग करणाऱ्या कॅम्पच्या जीपा. त्या तर रोजच चिखलात.

आता स्पष्ट बोलतो. फक्त जेटवर घर चालणार नाही. समजा एका गाडीची मजुरी १५० रुपये धरली आणि दिवसाला सहा गाड्या मिळाल्या, तर ९०० रुपये होतात. त्यातून पेट्रोल आणि सामान वजा करा, आणि सहा गाड्या रोज मिळत नाहीत हेही धरा. म्हणून "काच तपासणी" असं एकच काम विका: जेट, वायपरचं रबर, नळी, पाणी आणि हेडलाईटची काच. रबर आणि जेट विकण्यात वेगळा नफा सुटतो. यासाठी कर्ज काढू नका. टाचण्या, पक्कड, मल्टीमीटर, हवेचा छोटा पंप, नळीचे तुकडे आणि टी-जोड, इतक्यावर सुरू करता येतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्याच्या नादी लागू नका.

काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्या. मोटर चांगली निघाली तर "मोटर चांगली आहे, फक्त साफ केलं" असं सांगा आणि मजुरी घ्या. एक वही ठेवा: गाडीचा नंबर, तक्रार, खरा दोष, काय केलं. पन्नास गाड्या झाल्या की कुठल्या मॉडेलचं काय जातं ते वहीच सांगेल, आणि दुकानात माल त्याच हिशोबाने भरा.

सुरुवात ओळखीतल्या पाच गाड्यांपासून करा. मजुरी घेऊनच करा, भले पन्नास रुपये घ्या. फुकट केलेल्या कामाची तक्रार कुणी परत घेऊन येत नाही, आणि तुम्हाला सध्या तक्रारीच हव्या आहेत.