केमिस्ट्री कठीण की फिजिक्स?

मुलांचे ए-लेव्हलचे विषय ठरवायची वेळ आली की इथल्या मराठी घरांत हा प्रश्न हमखास निघतो. आपल्यापैकी अनेकांनी बारावीला पीसीएम एकगठ्ठा घेतलं, निवडीचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये मात्र सोळाव्या वर्षी साधारण तीनच विषय उरतात. तेव्हा ‘त्यातल्या त्यात सोपा कुठला?’ असं विचारण्यात काही गैर नाही.

फक्त याचं उत्तर निकालाच्या टक्केवारीत शोधू नका. फिजिक्स घेणाऱ्या बहुतेकांनी गणितही घेतलेलं असतं, तर केमिस्ट्रीच्या वर्गात डॉक्टर होऊ इच्छिणारे पुष्कळ असतात. ‘ए’ किती जणांना मिळाला यावरून परीक्षेला कोण बसलं होतं, हेही त्यात मिसळलेलं असतं. म्हणून संशोधक एकाच विद्यार्थ्याच्या वेगवेगळ्या विषयांतल्या ग्रेड ताडून पाहतात. डरहॅम विद्यापीठातल्या रॉबर्ट को आणि सहकाऱ्यांच्या २००८ च्या अहवालात हे दोन्ही विषय कठीण गटातच निघाले.

पण दोघांचं कठीणपण एकाच जातीचं नाही.

इंग्लंडच्या ए-लेव्हल फिजिक्समध्ये किमान ४० टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात, केमिस्ट्रीत २० टक्के. तरी फिजिक्सला कॅल्क्युलस लागत नाही आणि सूत्रांची पुस्तिका परीक्षेतच हातात मिळते. मग अडतं कुठे? पावसाचा थेंब खाली पडताना त्याचा वेग वाढतच का जात नाही, असं विचारलं, तर गुरुत्वाकर्षण आणि हवेचा विरोध कधी समसमान होतात हे स्वतःलाच ताडावं लागतं. नियम मोजकेच, पण कुठे कुठला लावायचा हे पुस्तिका सांगत नाही.

केमिस्ट्रीत उलट. पसारा मोठा, आणि नियम पाठ होतो न होतो तोच अपवाद समोर येतो. इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये कसे भरतात हे शिकावं, तर क्रोमियम आणि तांबं तो क्रम मोडतात. हे अपवाद येतात कुठून? १९२९ मध्ये केंब्रिजच्या पॉल डिरॅक यांनी म्हटलं होतं की सगळ्या रसायनशास्त्रामागचे भौतिक नियम आता कळले आहेत. अडचण एवढीच, की त्यांतून येणारी समीकरणं सुटण्यापलीकडची आहेत. एक इलेक्ट्रॉन असलेल्या हायड्रोजनचं समीकरण अचूक सुटतं. हेलियममध्ये दोन आहेत, तिथेच ते अडतं. पाण्याच्या एका रेणूत दहा! म्हणून रसायनशास्त्रज्ञ कामचलाऊ नियम बांधतात, आणि अशा प्रत्येक नियमाला कुठेतरी हद्द असते. तेव्हा ‘केमिस्ट्री म्हणजे नुसती घोकंपट्टी’ हे खरं नाही. नियम कुठवर चालतो याची समज हाच तिथला अभ्यास.

मग निवड कशी करायची? आधी पुढची वाट पाहा. मेडिसिनच्या बहुतेक अभ्यासक्रमांना केमिस्ट्री लागते, इंजिनिअरिंगच्या अनेक अभ्यासक्रमांना गणित आणि फिजिक्स. विद्यापीठाच्या अटी स्वतः वाचा. दोन्ही वाटा मोकळ्या असतील, तर दोन्ही विषयांचे काही जुने प्रश्न मुलाला किंवा मुलीला सोडवायला द्या. गुण मोजू नका. अडल्यावर कुठल्या विषयाचा कागद ते पुन्हा पुढे ओढतात, तेवढं बघा. दोन वर्षं अडायचं तर आहेच.