जुन्या मोटारीचें वंगण कोठें जातें?

जुनी मोटार वंगण पिऊं लागली कीं मिस्त्री एकदम इंजिन खोलण्याची गोष्ट काढतो. हा खर्च हजारोंचा. तेव्हां शेतकरी बंधूंनीं प्रथम हिशेब ठेवावा. गाडी सपाट जागीं उभी करून, इंजिन बंद केल्यावर पांच-दहा मिनिटांनीं वंगणाची पट्टी पाहावी व किलोमीटरांसह टिपून ठेवावी. दप्तरांतील आमची जुनी खोड येथें कामास येते! हजार किलोमीटरांस एक लिटरपर्यंतचा खप अनेक कारखानदार क्षम्य मानतात. खरा धोका पातळी किमान खुणेखालीं जाऊन बेअरिंगें जळण्याचा आहे.

गाडीखालीं डाग नसतील, तर वंगण बहुधा आंत जळत असतें. साक्ष निळ्या धुराची. सकाळीं सुरू करतांच क्षणभर धूर येऊन थांबल्यास वाल्वचीं रबरी सील कडक झालीं असावींत. तीं स्वस्त असून पुष्कळदां इंजिन न उतरवितां बदलतां येतात. चढावर धूर सतत येत असल्यास पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. पेट्रोलच्या गाडींत सिलिंडरचा दाब मोजवावा, मग चमचाभर वंगण आंत सोडून पुन्हां मोजवावा. दाब वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजले आहेत. मात्र त्यापूर्वीं ब्रीदरची नळी साफ करवावी. ती चोंदल्यास आंतील दाब वाढून चांगल्या इंजिनांतूनहि वंगण बाहेर ढकललें जातें.