काट्यावर न दिसणारी चरबी

पौगंडावस्थेतील मुलांची स्थूलता नुसत्या वजनावरून ठरत नाही. या वयात उंची झपाट्याने वाढते, मुलग्यांचे स्नायू भरतात आणि मुलींच्या अंगात चरबी निसर्गतःच वाढते. त्यामुळे वजनाला (किलोग्रॅम) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागून येणारा बीएमआय वय आणि लिंगानुसार तक्त्यावर पाहावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांवर जादा वजन आणि स्थूलता यांच्या रेषा प्रौढपणीच्या २५ आणि ३० या आकड्यांना जाऊन मिळतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये काढलेल्या तक्त्यांवर मात्र त्या २३ आणि २७ ला मिळतात.

रेषा खाली आणण्यामागचे कारण भारतीय शरीराच्या घडणीत आहे आणि ते उलगडण्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. या फरकाची सुरुवात गर्भातच होते. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, म्हणजे इंग्लंडमधील बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने कमी भरले. पण ही तूट मुख्यतः स्नायूंची आणि पोटातील अवयवांची होती. पाठीच्या त्वचेखालची चरबी जवळजवळ शाबूत होती. अशी बाळे पुढे सडपातळ दिसली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते.

२०१६ ते २०१८ या काळातील राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातील २४ टक्के मुले कृश आणि ५ टक्के जादा वजनाची आढळली. रक्तातील साखर मधुमेहपूर्व पातळीवर असलेली मुले मात्र १० टक्के होती. काळजी करावी अशी हीच तफावत आहे.

वयात येताना वाढ संप्रेरकामुळे इन्सुलिनचा परिणाम काही काळ मंदावतो. त्यात पोटाभोवतीच्या चरबीची भर पडली की स्वादुपिंडावर ताण येतो. मानेवर आणि काखेत त्वचा काळसर, मखमली दिसू लागणे ही त्याची ठळक खूण आहे. पुष्कळ घरांत तिला मळ समजून घासले जाते. मुलींची पाळी अनियमित होणे, यकृतात चरबी साठणे, झोपेत घोरणे यांकडेही लक्ष हवे. कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक असेल, तर बीएमआय ठीक दिसत असला तरी तपासणी करून घ्यावी.

कारणे रोजच्या वेळापत्रकात सापडतात. शाळेनंतर शिकवणी, रात्री मोबाइल, अपुरी झोप. पीटीचा तास दुसऱ्या विषयाला दिला जातो. खरे तर या वयाला दररोज ६० मिनिटांची दमवणारी हालचाल हवी. मधल्या सुटीतल्या वेफर्ससोबत ३०० मिलिलिटर कोलाही प्यायला, तर सुमारे ३० ग्रॅम साखर पोटात जाते.

वाढत्या मुलाला उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे. त्यात आधीच कमी असलेले स्नायूही झिजतात. जादा वजन थोडेच असेल, तर ते आहे तिथे टिकवले तरी पुरते, कारण उंची वाढते तसा बीएमआय आपोआप उतरतो. टोमण्यांनी मूल लपून खाऊ लागते. त्यापेक्षा डाळ, उसळ, अंडी, दूध यांतून प्रथिने वाढवावीत आणि बदल घरातल्या सगळ्यांनी मिळून करावा. शाळेपुरते पाहिले तर जादा चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे. हा नियम पालक सभेत विचारता येतो.