रोज दहा पोती

आधी एक हिशेब करू. माणशी दिवसाला अर्धा किलो धान्य धरलं, तर एकोणीसशे माणसांना रोज साडेनऊ क्विंटल धान्य लागतं. म्हणजे जवळपास दहा पोती, दररोज. डाळ, तेल, मीठ, सरपण आणि पाणी वेगळंच. सोलापूर-पुणे लोहमार्गावर, दौंडच्या पुढे केडगावला, 1900 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात एवढी माणसं होती. त्यात बहुतेक मुली आणि बायका. उद्याच्या पोत्यांचे पैसे कुठून येणार, हे पुष्कळदा आज ठाऊक नसे. आणि रमाबाईंनी ठरवलं होतं की पैशासाठी माणसापुढे हात पसरायचा नाही, देवाला सांगायचं.

हा वेडेपणा वाटत असेल, तर सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याची आठवण करून देतो. या ज्वारीच्या कोठारात दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांसाठी खुली केली आणि पैसे विठू महाराच्या रूपात येऊन विठ्ठलाने भरले, ही कथा आपल्याला पाठ आहे. तिच्यातला क्रम बघा. आधी कोठार उघडलं, मग देव आला. पावती हातात पडल्यावर दामाजींनी दार उघडलं असतं, तर ती कथा कुणी सांगितली नसती.

ख्रिस्ती श्रद्धेतही हाच क्रम आहे. पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट घ्या. एका पोराजवळ पाच भाकरी आणि दोन मासे होते. येशूने ते घेतले, उपकार मानले. त्याआधीच लोकांना गवतावर पंगतींनी बसवलं होतं. पुरवठा झाला तो वाढता वाढता, आणि उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून बारा टोपल्या भरून गोळाही केले. मला या गोष्टीतल्या चमत्काराइतकीच त्या टोपल्यांची गंमत वाटते. जो पाच भाकरींत हजारोंना जेवू घालतो, त्याला उष्ट्या तुकड्यांची काळजी कशाला? पण आहे.

रमाबाईंना भूक पुस्तकात भेटली नव्हती. 1874 च्या सुमारास, दुष्काळात, वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले. उरलेली दोघं, रमा आणि भाऊ श्रीनिवास, देशभर पायी हिंडली. झेलमच्या काठी थंडीपासून वाचायला त्यांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून रात्री काढल्या. पुढे कलकत्त्याने रमाला पंडिता म्हटलं, सरस्वती म्हटलं. त्या बाईला पोट रिकामं असणं म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको होतं.

ख्रिस्ताकडे त्यांना ओढलं ते मात्र भाकरीने नव्हे. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनच्या फुलम भागात, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी चालवलेलं एक घर त्यांनी पाहिलं. ते चालवणाऱ्या ख्रिस्ती भगिनी या बायकांना प्रेमाने वागवत होत्या. हे कशाने घडतं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा शोमरोनी स्त्रीशी येशू विहिरीवर बोलतो तो अध्याय त्यांना वाचून दाखवण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे केडगावात अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उभं राहिलं.

न मागण्याची कल्पना त्यांना जॉर्ज म्युलरच्या चरित्रातून मिळाली. ब्रिस्टलमध्ये या जर्मन माणसाने 1836 पासून अनाथालयं चालवली, दहा हजारांवर मुलं वाढवली. हे इंग्लंडात घडतं, तर इथे का नाही, असा प्रश्न रमाबाईंना पडला.

परीक्षा 1896 ला आली. मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंच्या विधवांसाठीच्या शाळेला, शारदासदनाला, अमेरिकेतल्या संघटनेचं दहा वर्षांचं वचन होतं, ते संपत आलेलं. आणि दुष्काळातल्या पोरींसाठी तर कुणाचंच वचन नव्हतं. तरी रमाबाई गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगची बंधनं, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर झोपड्यांत ठेवलं. पोत्यांचा प्रश्न नंतर. दामाजींच्या क्रमातच.

मग मात्र त्या स्वस्थ बसल्या नाहीत. विहिरी खणल्या, शेती केली, हातमाग, शिवण, दूध, तेलाची घाणी, छापखाना सुरू केला. अंध मुलींना ब्रेल शिकवली. देव पुरवेल असं म्हणणारी बाई विहीर किती खोल गेली याकडे लक्ष ठेवून असे, आणि तिला त्यात विसंगती दिसत नसे. मला तीच जागा सगळ्यात थक्क करणारी वाटते.

अर्थात, म्युलर काय किंवा रमाबाई काय, अगदी गप्प नव्हते. म्युलरचे वार्षिक अहवाल हिशेबासकट छापले जात आणि मुक्तिसदनाचं ‘प्रेअर बेल’ हे इंग्रजी पत्रक देशोदेशी जाई. गरज वाचकाला कळत होती. मागितलं नाही, पण लपवलंही नाही. कुणाला यात चतुराई दिसेल. मला प्रामाणिकपणा दिसतो, कारण आत आलेला प्रत्येक पैसा कागदावर दिसत होता.

इकडे सोलापूरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये मेरी हार्डिंग यांनी बालवाडी आणि तिच्या शिक्षिकांसाठी वर्ग चालवला. लेकरांना जेवू घातल्यावर खेळायलाही लागतं, हे ओळखणारी करुणा मला फार मोठी वाटते.

आधी द्यायचं, हा क्रम आजही दिसतो. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सुगीच्या उपकारस्तुतीला लोक पहिली कणसं, धान्य, भाज्या, अंडी घेऊन देवळात येतात. भक्तीनंतर त्यांचा लिलाव होतो. एखादा भोपळा बाजारभावाच्या कितीतरी पट किमतीला जातो, आणि घेणारा कधी कधी तोच परत टेबलावर ठेवतो, पुन्हा बोली लावायला.