मोठ्या आरसी ट्रकचा गिअर मजबूत करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

माझ्या मावसभावाकडे अकोल्यात (नगरचं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे) रिमोटवर चालणारा मोठा ट्रक आहे. १/५ आकाराचा, चारही चाकं ओढणारा. त्याच्या मागच्या डिफरन्शिअलचे दात दोनदा तुटले. दुसऱ्या वेळी तर आधीपेक्षा कडक पोलादाचे गिअर बसवले होते. सुटा भाग मागवायचा म्हणजे काही हजार रुपये आणि काही आठवड्यांची वाट. म्हणून त्याने मला विचारलं, ‘यापेक्षा कडक पोलाद कुठे मिळेल?’

मिळेल, पण त्याने दात वाचतीलच असं नाही. का, ते आज बघू.

आधी जोर मोजू

समजा ट्रकचं वजन १५ किलो, चाकाची त्रिज्या १० सेंटीमीटर आणि जमिनीवरची पकड उत्तम. मोटार कितीही ताकदवान असली तरी चाक घसरायला लागलं की जोर वाढायचा थांबतो. ही मर्यादा येते सुमारे १४७ न्यूटन, म्हणजे चाकांवर जवळपास १५ न्यूटन-मीटरचा पीळ. पुढची चाकं हवेत असतील तर हा सगळा पीळ मागच्या डिफरन्शिअलमधून जातो. तिथल्या मोठ्या गिअरची त्रिज्या अडीच सेंटीमीटर धरली, तर दातावर येणारा जोर होतो जवळपास ६० किलो. सिमेंटच्या भरलेल्या पोत्याहून जास्त वजन, आणि ते तीन-साडेतीन मिलिमीटर उंचीच्या एक-दोन दातांवर!

छोट्या ट्रकला हा त्रास कमी का, हेही यातच आहे. १/१० वरून १/५ वर गेलं की प्रत्येक माप दुप्पट होतं. वजन होतं आठपट, पण दाताच्या मुळाचं क्षेत्रफळ चौपटच. म्हणजे सगळं प्रमाणात वाढवूनही दातातला ताण दुप्पट.

दात म्हणजे भिंतीत रोवलेली फळी

१८९२ साली विल्फ्रेड लुईस या अमेरिकन इंजिनिअरने गिअरच्या दाताकडे असं बघितलं: एका टोकाला घट्ट रोवलेली आखूड फळी, आणि मोकळ्या टोकावर जोर. अशी फळी मोडते ती मुळाशी. त्याचं सूत्र आजही पहिल्या अंदाजाला चालतं. जोराला तीन गोष्टींनी भागायचं: दाताची रुंदी, मॉड्यूल (म्हणजे दाताचा आकार) आणि दाताच्या घाटावरून ठरणारा एक आकडा.

आपल्या ट्रकसाठी रुंदी ८ मिलिमीटर, मॉड्यूल १.५ आणि घाटाचा आकडा ०.३ धरू. तिरक्या दातांच्या गिअरला हा हिशेब ढोबळच लागू होतो, पण अंदाज येतो. ताण येतो साधारण १६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. गिअरच्या चांगल्या पोलादाचा गाभा साधारण १००० पर्यंत सोसतो. मग तुटतं कसं?

दोन गुणाकार

पहिला गुणाकार धक्क्याचा. उडी मारताना अॅक्सिलरेटर दाबलेला राहिला, तर हवेत चाकं गरगर फिरतात आणि जमिनीला टेकताच त्यांना एकदम थांबावं लागतं. मोटारीचा फिरता भाग मात्र थांबायला तयार नसतो. मोटार चाकाच्या दहापट वेगाने फिरत असेल, तर तिचं जडत्व चाकाकडून शंभरपट जाणवतं. तो सगळा हिसका दातांतून जातो. समजा जोर चौपट झाला. ताण झाला ६५० च्या आसपास. अजूनही दात टिकायला हवा.

दुसरा गुणाकार लक्षात येत नाही. सूत्रात आपण रुंदी ८ धरली, म्हणजे दात पूर्ण रुंदीभर टेकतो असं गृहीत धरलं. हाउसिंग प्लास्टिकचं असेल, बेअरिंगची बैठक ढिली झाली असेल, तर जोर आल्यावर पिनियन किंचित वाकडा होतो आणि दात फक्त कडेच्या २ मिलिमीटरवर टेकतो. ताण पुन्हा चौपट.

दोन्ही एकदम झालं की ताण जातो २६०० च्या घरात. इतकं सोसणारं पोलाद आणायचं कुठून? मावसभावाच्या कडक गिअरचंही हेच झालं असणार. तुटलेल्या दातांचे फोटो मागवले, तर सगळे एकाच बाजूच्या कोपऱ्यातून उडालेले होते.

उसाच्या कारखान्यात उलटं

गिअरची मधली अंतरं हलली तर काय होतं, याचं उत्तम उदाहरण अकोल्यातच आहे. उसाच्या कारखान्यात मिलचे तीन रोलर गिअरनेच एकमेकांना जोडलेले असतात. उसाचा थर जाड आला की वरचा रोलर उचलला जातो, तसा तो उचलला जावा अशीच रचना असते. त्यामुळे तिथल्या पिनियनचे दात मुद्दाम उंच आणि संख्येने कमी ठेवतात, म्हणजे अंतर वाढलं तरी पकड सुटत नाही. रोलर मिनिटाला मोजके फेरे घेतात, म्हणून हे चालून जातं.

आपल्या ट्रकचे दात बुटके आणि वेग हजारो फेऱ्यांचा. इथे अंतर अर्धा मिलिमीटर हललं तरी दात शेंड्यावर टेकतात. त्यामुळे इथे गिअर हलताच कामा नये.

तुटलेला दात फेकू नका, वाचा

- फक्त एक कोपरा उडाला असेल, तर गिअर तिरका बसतोय.
- शेंडे झिजून गोल झाले असतील, तर दोन गिअरमधलं अंतर जास्त आहे.
- अख्खा दात मुळातून गेला आणि तुटलेल्या भागावर शिंपल्यासारख्या रेषा दिसल्या, तर तो हळूहळू थकून तुटलाय.
- अख्खा दात गेला, पण रेषा नाहीत आणि पृष्ठभाग खरखरीत आहे, तर एकाच मोठ्या धक्क्याने गेला.
- दाताच्या मध्यावर बारीक खड्डे पडले असतील, तर पृष्ठभाग थकलाय. ग्रीस आणि कडकपणा बघा.

मग करायचं काय? स्वस्तापासून सुरुवात

१. हवेत असताना अॅक्सिलरेटर सोडा. खर्च शून्य, आणि पहिला गुणाकार बराच कमी.

२. बेअरिंग बदला आणि ०.१ किंवा ०.२ मिलिमीटरच्या शिम घालून गिअर जागेवर आणा. दातांना मार्किंगचा निळा रंग लावा, हाताने फिरवा आणि ठसा बघा. ठसा मध्यावर, बऱ्याच रुंदीभर हवा. पूर्ण घट्ट मात्र करू नका, हाताला जाणवेल-न जाणवेल इतकी फट राहू द्या.

३. हाउसिंग वाकत असेल तर अॅल्युमिनियमचं घ्या. पैसे खर्चच करायचे, तर गिअरच्या आधी इथे.

४. जागा असेल तर मोठं मॉड्यूल. १ वरून १.५ वर गेलं की तेवढ्याच जोराला ताण एक तृतीयांशाने कमी.

५. पोलाद सगळ्यात शेवटी. हवं असतं ते वरून कडक आणि आतून चिवट. त्यासाठी केस हार्डनिंग करतात: सुमारे ९०० ते ९५० अंशांवर पृष्ठभागात कार्बन मुरवायचा आणि मग झटकन थंड करायचं. पण १.५ मॉड्यूलच्या दाताला हे कवच पाव-तीन दशांश मिलिमीटर पुरे. जास्त खोल गेलं तर दात आरपार कडक होतो आणि धक्क्याला काचेसारखा तुटतो. जॉब देताना नुसतं ‘कडक करा’ म्हणू नका, खोली सांगा.

आणि काहीतरी कमजोर राहू द्या

सगळंच मजबूत केलं तर धक्का पुढच्या भागावर जातो. आज गिअर, उद्या ड्राइव्ह शाफ्ट, परवा मोटारीचा दांडा. घराच्या वायरिंगमध्ये आपण फ्यूज मुद्दाम कमजोर ठेवतो, तसंच इथे. पेट्रोल इंजिनच्या ट्रकमध्ये क्लच घसरून थोडा धक्का खातो. विजेची मोटार शून्य वेगालाही पूर्ण पीळ देते आणि मध्ये क्लच नसतो, म्हणून पेट्रोलचा ट्रक विजेवर केला की गिअर तुटायला लागतात. तिथे स्लिपर क्लच बसवा आणि दात तुटायच्या आधी तो घसरेल इतपतच आवळा.

मावसभावाला मी सांगितलंय की नवीन गिअर आत्ता मागवू नकोस. आधी शिम आणि बेअरिंग. दोन्ही मिळून खर्च गिअरच्या एका जोडीपेक्षा कमीच येईल.