स्पीकरमागचे ८ ओहम

स्पीकरच्या पाठीवर छापलेला ८ ओहम हा आकडा ठरीव नसतो. स्वराच्या वारंवारतेप्रमाणे तो चढतो-उतरतो. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात जुना स्पीकर घेताना मल्टिमीटर लावला, तर अशा स्पीकरवर साधारण ६ ओहम दिसतात. हा बिघाड नव्हे: मीटर फक्त आतल्या गुंडाळीच्या तारेचा रोध मोजतो.

खरी काळजी घ्यायची ती ॲम्प्लिफायरची. २० व्होल्टला ८ ओहममधून २.५ अँपिअर प्रवाह वाहतो, ४ ओहममधून ५. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की एकूण रोध ४ ओहमवर येतो आणि ट्रान्झिस्टर तापतात. एकसर जोडले तर १६ होतो. ॲम्प्लिफायरच्या मागे ओहम निवडायचे बटण असल्यास ते ४ वर सरकवले की बऱ्याच ॲम्प्लिफायरमध्ये आतला व्होल्टेज उतरतो. उष्णता घटते, पण ताकदही घटते.