आधी अंकुर, मग आगकाड्या

स्टॉप-मोशनच्या दोन दिवसांच्या शिबिरात नवशिक्याच्या हाती लगेच आगकाड्या देऊ नयेत. दादासाहेब फाळक्यांनीही १९१२ साली आधी कुंडीतला वाटाणा टिपला, ठरावीक वेळाने एकेक चौकट. त्या 'अंकुराच्या वाढी'वर भांडवल मिळाले आणि वर्षभरात गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यांची 'आगकाड्यांची मौज' नंतरची. अंकुर आपला आपण हलतो. काडी हाताने सरकवावी लागते, आणि घाईचा हात तिला उड्या मारायला लावतो. म्हणून पहिल्या रात्री भिजवलेल्या मुगांपुढे मोबाइल घट्ट बांधावा, दिवा चालू ठेवावा, पाच मिनिटांनी एक फोटो. दहा तासांत १२० फोटो, म्हणजे सेकंदाला १२ धरून पडद्यावर जेमतेम १० सेकंद! सकाळी दोन फोटो शेजारी ठेवले की मोड किती थोडा सरकला ते दिसते. काडीही तेवढीच सरकवायची.